सात काचांचा डबलर

आमच्या घरात मुलीला कोंडून ठेवतात असं कुणी म्हटलं असतं, तर आई त्याच्या दारात जाऊन भांडून आली असती. कोंडलं कुठं होतं? मी कॉलेजात जात होते, मैत्रिणीकडे वही आणायला जात होते, चतुर्थीला देवळातही जात होते. फक्त दिवेलागणीच्या आत घरात यायचं, आणि आलं की फाटकाची कडी लावायची. ती कडी लोखंडाची होती आणि तिचा आवाज अख्ख्या गल्लीला ऐकू जायचा. कुणाच्या घरची पोरगी किती वाजता आत आली हे अकोल्यात आमच्या जठारपेठेत घड्याळ न पाहता सांगता यायचं. मी दहावीत असताना बाबा गेले, आणि तेव्हापासून आई ती कडी लागल्याशिवाय चुलीवरचा तवा उतरवायची नाही. दादा जिनिंग फॅक्टरीत होता. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा त्याच्या भुवयांवर, कानाच्या पाळ्यांवर कापसाचा भुरा असायचा, आणि तो झटकत तो पहिल्यांदा विचारायचा, "बेबी आली का?" मी समोर उभी असले तरी आईलाच विचारायचा. या सगळ्याचा मला राग येत होता असं आज वाटतं, पण तेव्हा तो राग आहे हेही मला ठाऊक नव्हतं. भूक लागली असेल असं समजून मी आणखी अर्धी भाकर खायचे.

कॅमेरा मामाचा. मामाचा अमरावतीला फोटो स्टुडिओ होता, जयस्तंभ चौकापासून आत. त्यानं नवा कॅमेरा घेतला तेव्हा जुना मला देऊन टाकला, सोबत एक दोनशे मिलिमीटरची लांब लेन्स आणि एक पाय ढिला असलेला स्टँड. आईला वाटलं होतं, पोरगी घरातल्या माणसांचे फोटो काढील. मी काढले. महिनाभरात घरातली तिन्ही माणसं उभी, बसलेली, जेवताना, भांडी घासताना काढून झाली आणि काढण्यासारखं काही उरलं नाही. बाहेर कॅमेरा गळ्यात घालून फिरायला मला कोण सोडणार? गच्चीवर मात्र जाता यायचं, कारण वाळवणं तिथंच असायची. आणि गच्चीवरून स्वतःच्या पायांनी चालत आपल्याकडे येणाऱ्या दोनच गोष्टी दिसायच्या, एक चंद्र आणि एक सूर्य. लोक मला पुढे विचारायचे, तुम्हाला आकाशाची आवड कशी लागली? आवड कसली! ज्याला दुसरं काही दिसत नाही तो वर पाहतो.

पहिला चंद्र काढला आणि रोल मामाकडे धुवायला पाठवला. निगेटिव्ह परत आली तेव्हा मी आणि वहिनी ती खिडकीपाशी धरून चंद्र शोधत बसलो. वहिनी धामणगाव रेल्वेची, तिच्या वडिलांचं धान्याचं दुकान. माझ्याहून चार वर्षांनी मोठी, पण दुपारी आई झोपली की माझ्याएवढीच व्हायची. तिनंच बोट ठेवलं. "हा पाहा ना, बेबीताई. तीळ हाये तीळ." खरंच तिळाएवढा होता. त्याच्यात डागबिग काही नाही, नुसता एक ठिपका. मामाला कार्ड लिहिलं, त्याचं उत्तर आलं की दोनशेच्या लेन्सनं एवढाच यायचा. लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये डबलर लावला तर चंद्र दुप्पट होईल. हल्ली त्याला टेलिकन्व्हर्टर म्हणतात, तेव्हा आमच्याकडचे सगळे फोटोवाले डबलरच म्हणायचे. तिपटीचाही मिळतो, असं मामानं खाली लिहिलं होतं. वहिनीनं लगेच हिशेब करून टाकला: दुपटीचा म्हणजे ज्वारीचा दाणा, तिपटीचा म्हणजे तुरीचा. तेव्हापासून आमच्या दोघींचं मोजमाप तेच झालं. मला अर्थात तूर हवी होती.

त्याच कार्डात मामानं दुसरीही गोष्ट लिहिली होती, आणि ती वाचून मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. माघ संपता संपता सूर्यग्रहण होतं, दुपारचं, चांगलं मोठं. सूर्य खात खात कसा जातो आणि परत कसा येतो, याच्या आठ फोटोंची पट्टी मी नीट काढून दिली तर मामा ती स्टुडिओच्या शोकेसमध्ये लावणार होता, खाली माझं नाव घालून. मग तो स्वतः येऊन आईला सांगणार होता की परीक्षा झाली की पोरीला माझ्याकडे पाठव, काम शिकेल, मामीच्या हाताखाली राहील. अमरावती म्हणजे काही मुंबई नव्हे, एसटीनं दोन-अडीच तास. पण त्या शोकेसमधून मला फाटकाच्या बाहेर जायचा रस्ता दिसला. मामानं दादाला फॅक्टरीच्या फोनवर गाठून गच्चीवर ग्रहण काढायची परवानगीही मिळवली. दादा आईला म्हणाला, "डोक्शावर पदर घेऊन काढीन ते, काय होते?" आई काही बोलली नाही. न बोलण्याचा अर्थ होकार असा मी सोयीनं लावला.

डबलर निवडायला दादा मला स्वतः अमरावतीला घेऊन गेला आणि मामाच्या ताब्यात देऊन कापसाच्या कामाला निघून गेला. ते चार तास माझ्या आयुष्यातले पहिले मोकळे तास होते. मामानं आधी गाडीवरचा गिला वडा खायला घातला, वर दही आणि चिंचेची चटणी, आणि मग एका बोळातल्या बशीरभाईंकडे नेलं. बशीरभाई कॅमेरे दुरुस्त करायचे. दुकान म्हणजे एक टेबल, एक दिवा आणि भिंतभर खिळ्यांना टांगलेले मेलेले कॅमेरे. त्यांनी फडक्यावर तीन डबलर मांडले. एक दुपटीचा, चार काचांचा, हलका. दुसरा दुपटीचाच, पण आत सात काचा, हातात घेतला की वजन कळायचं. तिसरा तिपटीचा. मी तिसराच उचलला. बशीरभाईंनी मला अडवलं नाही. तो लावून दिला आणि म्हणाले, समोरच्या दवाखान्याच्या पाटीवर धर.

मी धरला. पाटी धावून अंगावर आली, पण संध्याकाळ झाल्यासारखा अंधारही आला. फोकस नीट झाला का हे पाहायला मधोमध जो छोटा गोल असतो, त्याचा अर्धा भाग काळा पडला. श्वास घेतला तरी अक्षरं हलायची. बशीरभाईंनी समजावलं ते मी पुढे तीस वर्षं मुलांना वेगळ्या शब्दांत शिकवलं: हा डबा काही दुरून जास्तीचं आणत नाही. लेन्सनं जे आणलं त्याचा मधला तुकडा ताणून मोठा करतो. त्यामुळे उजेड पातळ होतो, दुपटीला चौथाई उरतो, तिपटीला नववा हिस्सा. मग फोटोला वेळ जास्त लागतो, आणि तेवढ्यात ढिला पाय हलतो. लेन्समध्ये जी खोट असेल तीही तेवढीच मोठी होते. मग चार काचांचा लावून पाहिला. मधली अक्षरं ठीक, कडेची धुरकट. सात काचांच्या डब्यात पाटी कडेपर्यंत स्वच्छ होती, डॉक्टरांच्या नावापुढच्या पदव्यांसकट. मी तरी तिपटीचाच हातात धरून उभी. मला तूर हवी होती ना. मामा म्हणाला, "बेबी, तुले चांद मोठा दाखवाचा हाये का चांदातलं काही दाखवाचं हाये?" मी रडवेली होऊन सात काचांचा घेतला. बशीरभाईंनी वेल्डिंगवाल्याची सगळ्यात काळी काच कागदात गुंडाळून दिली, ती लेन्सच्या पुढे बसवायची पद्धत दोनदा दाखवली आणि माझ्याकडून कबूल करून घेतलं की सूर्याकडे कॅमेरा वळवताना ती एक क्षणही काढायची नाही. "फोटो फिर आ जाएगी बेटी," ते म्हणाले, "आँख नहीं आएगी."

शुद्ध अष्टमीला चंद्र दिवे लागायच्या वेळेलाच डोक्यावर असतो, म्हणून ती माझ्या सोयीची तिथी. स्टँडच्या ढिल्या पायाला वीट बांधून मी बारा फोटो काढले. धुऊन आले तेव्हा वहिनीनं निगेटिव्ह खिडकीपाशी धरली आणि भिंगातून पाहून नुसतीच "अव्व बाई" म्हणाली. ज्वारीचा दाणा होता, पण जिथं उजेड संपून काळोख लागतो त्या कडेला खड्डे दिसत होते, एकेक वेगळा. आज माझ्या पुतण्याच्या फोनमध्ये चंद्र ताटाएवढा येतो आणि तो मला कौतुकानं दाखवतो. मीही कौतुक करते. पण त्या ज्वारीच्या दाण्यातले खड्डे पाहताना जे झालं ते पुन्हा झालं नाही.

आता मी केलेली चूक सांगते. ती एका शब्दाची होती. ग्रहणाच्या आधी दोन दिवस आई भाजीसाठी तुरीचे सोले, म्हणजे ओले दाणे, निवडत बसली होती. मी डबलर फडक्यानं पुसत होते, आणि त्या दिवशी मला फार आनंद झाला होता, म्हणून जीभ सैल सुटली. आईनं विचारलं, हा डबा काय करतो? मी म्हणाले, "हा डबलर हाये आई. सूर्याले डब्बल करते." आईचे हात थांबले. तिनं शांतपणे विचारलं, म्हणजे परवा ग्रहणही डबल करील का? मी हसत म्हणाले, हो, तेच तर काढायचं आहे. आईनं सोले बाजूला ठेवले.

वहिनीला तेव्हा सातवा महिना होता. आधीचं एक तिसऱ्या महिन्यात गेलं होतं, आणि त्याचं कारण गल्लीनं ठरवून टाकलं होतं: ही चंद्रग्रहणात मोरीवर गेली होती. डॉक्टरांनी काय सांगितलं ते कुणाच्या लक्षात नव्हतं, मोरी मात्र सगळ्यांच्या लक्षात होती. आईनं त्या दिवशी दादाला जे सांगितलं ते मी स्वयंपाकघराच्या दाराआडून ऐकलं. "एक गिऱ्हान पुरत नाही का आपल्या घरात? हे पोट्टी डब्बल करून आनून राहिली. पोटुशी बाई खाली, अन् हे तिच्या डोक्शावर उभं राहून डब्बल करीन." मी धावत जाऊन सांगितलं की फोटो मोठा होतो, ग्रहण नाही, दुकानदारानं नाव तसं ठेवलंय इतकंच, कन्व्हर्टर म्हणा, डबा म्हणा. पण निघालेला शब्द आत घेता येईना. दादाला बहुधा कळलं होतं. तो हसलाही. मग त्यानं वहिनीकडे पाहिलं, हसणं थांबवलं, आणि म्हणाला की राहू दे यंदा. कॅमेरा, डबलर, काळी काच सगळं आईच्या कपाटात गेलं, आणि मी मोकळी राहून काही उपद्व्याप करू नये म्हणून ठरलं की ग्रहणभर वहिनीसोबत मागच्या खोलीत मीच बसायचं. मी त्या रात्री आईचा द्वेष केला. हे लिहायला मला लाज वाटते, पण केला.

मागची खोली पश्चिमेची, अडगळीची. तिच्या खिडकीला दार नव्हतं, म्हणून आईनं तेलाच्या पिपाचा जुना पत्रा ठोकून घेतला. खोलीतून सुई, कात्री काढून नेली, विळी तर स्वयंपाकघरातच पोत्याखाली झाकली होती. वहिनीनं पाय दुमडायचा नाही, बोटं मोडायची नाहीत, काही खायचं नाही, झोपायचं नाही. बाहेरून कडी लागली. फाटकाच्या कडीसारखीच ती वाजली. गल्लीत एकही सायकल नाही, एकही फेरीवाला नाही, कुत्रीसुद्धा गप्प. आम्ही दोघी सतरंजीवर बसलो. मी भिंतीकडे तोंड करून रडत होते, आणि वहिनी पदराखालून एकेक बोर काढून खात होती, कारण तिला भूक सहन होत नव्हती. मला तिचाही राग आला. हिच्या पोटामुळे माझं सगळं गेलं, असं मी मनात म्हटलं. वहिनी मला म्हणाली की तिला माझं वाईट वाटतंय. मी आणखी भिंतीकडे सरकले.

किती वेळ गेला ठाऊक नाही. वहिनीनं एकदम माझा दंड धरला. "बेबीताई, भिंतीवर काय हाये?" मी वळले. पत्र्याला आधीच्या कुठल्यातरी खिळ्यांची पाच-सहा भोकं होती. त्यांतून आलेला उजेड एरवी गोल ठिपक्यांसारखा पडतो, तो समोरच्या भिंतीच्या पायथ्याशी आणि जमिनीवर पडला होता, पण ठिपके गोल नव्हते. विळे होते. पाच-सहा छोटे लखलखीत विळे, सगळ्यांची टोकं एकाच बाजूला. घरातली विळी पोत्याखाली लपवली होती आणि इथं आमच्या पायांशी विळेच विळे. वहिनीनं दोन्ही हातांनी पोट झाकलं, तिचा चेहरा पांढरा पडला होता. मला मात्र कळलं. पुस्तकात वाचलं होतं की बारीक भोकातून सूर्याचं चित्र पडतं, पण वाचणं निराळं. ज्या खोलीत मला ग्रहण दिसू नये म्हणून कोंडलं होतं ती खोलीच आईनं आपल्या हातानं कॅमेरा करून ठेवली होती. एकेक सूर्य मोठ्या बोराएवढा होता. बशीरभाईंच्या दुकानातल्या कुठल्याही डब्यानं एवढा दिला नसता.

मी वहिनीला सांगितलं की हा सूर्य आहे, ही त्याची चित्रं आहेत, यात काहीही नाही. तिनं विचारलं, "हे पाह्यलं तं चालते का?" मी म्हणाले, चालतं. एवढ्या खात्रीनं मी आयुष्यात दुसरं काही बोलले नाही. तिनं हळूच तळहात पुढे केला आणि एक विळा हातावर घेतला. मग दुसऱ्या हातावर दुसरा. ती हसायला लागली, तोंडावर पदर दाबून. विळे बारीक होत होत नखाच्या कोरीएवढे झाले, खोलीत विचित्र राखाडी उजेड आला, आणि वहिनी सरकून अशी बसली की त्यातला एक बरोबर तिच्या पोटावर पडला. तिनं पोटाकडे पाहून म्हटलं, "घे, पाह्य तू बी." आम्ही दोघी तो विळा पुन्हा भरत जाताना पाहत राहिलो. तेवढ्यात कडीपाशी आईची पावलं वाजली आणि तिनं बाहेरूनच विचारलं की काही पाहिलं तर नाही ना. वहिनी म्हणाली, "नाही, आत्याबाई. अंधार हाये निरा."

पुढचे दोन महिने मी कसे काढले ते माझं मला माहीत. खात्री त्या खोलीतच राहिली. बाहेर आल्यावर, आंघोळी होऊन, घर धुऊन, ताजा भात चुलीवर चढल्यावर मला भीती वाटायला लागली. पुस्तकात जे होतं ते खरं होतं हे मी जाणत होते आणि तरी वहिनी झोपेत कण्हली की मी उठून बसायचे. मूल ओठ फाटलेलं निघालं तर? मी दिवसातून दहा वेळा तो एकच विळा तिच्या पोटावरून पुसायचे, मनातल्या मनात. मुलगी झाली, धडधाकट. आईनं तिचे ओठ पाहिले, कान पाहिले, वीसही बोटं मोजली, आणि डोळ्यांना पदर लावून जमलेल्या बायकांना सांगितलं, "नीट पाळलं म्हनून." त्या वेळी माझ्या तोंडाशी आलं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी वहिनीकडे पाहिलं, तिनं मान खाली घातली, आणि मी गप्प बसले. पुढे गल्लीतल्या प्रत्येक गरोदर बाईला आमच्या घरचा दाखला दिला जाऊ लागला. मामाच्या शोकेसमध्ये त्या वर्षी एका मंगळसूत्रवाल्या नवरीचा फोटो लागला आणि माझं लग्नही पुढच्या वर्षी झालं. सासरी राहून मी शिकले, शिक्षिका झाले, ग्रहण आलं की शाळेच्या अंगणात पोरांना लिंबाखाली पडलेले विळे दाखवायचे. घरी मात्र कधी बोलले नाही.

काही वर्षांपूर्वी दिवाळीत एक ग्रहण आलं, मावळतीच्या सूर्याला लागलेलं. मी अकोल्याला दादाकडे होते. वहिनीची धाकटी सून श्रद्धा बँकेत नोकरी करते, तिला सहावा महिना. दुपारपासून वहिनी तिच्या खोलीच्या खिडकीच्या काचांना वर्तमानपत्रं चिकटवत होती. माझा संताप झाला. मी तिला स्वयंपाकघरात ओढून नेलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीचं नाव काढलं. म्हटलं, तू स्वतः पाहिलंस, पोटावर घेतलंस, काही झालं नाही, आणि तू हिला कोंडतेस? मला वाटलं होतं ती विसरली असेल किंवा लाजेल. ती लाजली नाही. हातातली चिकटपट्टी दातानं तोडत ती म्हणाली, "मले मालूम हाये काही होत नाही. तवाबी मालूम झालं होतं. पन बेबीताई, तवा काही झालं असतं ना, तं तुले कोनी इचारलं नसतं. मलेच इचारलं असतं, जलमभर. आता हिले इचारतीन."

त्या खोलीत मी "चालतं" म्हणाले होते ते कुणाच्या जिवावर, हे मला साठीनंतर कळलं. वहिनी परत खिडकीशी गेली. वरच्या काचेला तिचा हात पुरत नव्हता आणि कागद सारखा सुटून खाली येत होता. श्रद्धा पलंगावर बसून आमच्याकडे पाहत होती. मी पुढे झाले आणि कागदाचं दुसरं टोक धरलं.